हाताने बोलावलेला वास

फेब्रुवारी अर्धा सरला की आमच्या इमारतीत एक वेगळाच मंत्रघोष सुरू होतो. दरवर्षी कुणी ना कुणी बारावीला असतंच. यंदा खालच्या मजल्यावरची ईशा गॅलरीत येरझाऱ्या घालत म्हणत असते, "कॅल्शियम ब्रिक रेड, बेरियम ॲपल ग्रीन, स्ट्रॉन्शियम..." तिथे अडखळते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. तिची बारावीची प्रॅक्टिकल्स जवळ आली आहेत. मी वर मेथी निवडत बसलेली असते आणि मनातल्या मनात तिच्याबरोबर म्हणत असते. ती जिथे अडखळते तिथे मी अडखळत नाही, याचा मला या वयातही भलताच आनंद होतो.

कुणाचं वर्ष गुढीपाडव्याला पालटतं, कुणाचं दिवाळीला. माझं या दिवसांत पालटतं. थंडी निघून गेलेली असते पण ऊन अजून चावत नसतं. बदलापूरजवळच्या आमच्या या सोनिवलीला आता चहूबाजूंनी इमारती झाल्या, तरी आमच्या मागच्या अंगाला कुणाची तरी जुनी आंब्याची झाडं अजून उभी आहेत. त्यांना मोहोर येतो. बाबा सकाळी खुर्ची गॅलरीत ओढून घेतात आणि त्या झाडांकडे तोंड करून बसतात. मग मला ॲसिडच्या बाटल्या आठवायला लागतात. मोहोर आणि ॲसिड यांचा संबंध काय, असं कुणी विचारलं तर एका वाक्यात सांगता येणार नाही.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. आम्ही अंबरनाथला, कारखान्यांच्या बाजूच्या वसाहतीत राहत होतो. बाबा कपड्यांचे रंग बनवणाऱ्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. मी शाळेलाच जोडलेल्या ज्युनियर कॉलेजात बारावी सायन्सला होते. दहावीपर्यंत आमचं सगळं मराठीत चाललेलं. 'अवक्षेप तळाशी बसतो' असं आम्ही सुखाने लिहीत होतो. अकरावीत एकदम त्याचा 'प्रेसिपिटेट' झाला, आणि तळाशी बसायचं ते आमच्या घशात बसलं.

पण लॅब मला पहिल्या दिवसापासून आवडली. काळ्या कडाप्प्याचे लांबलचक ओटे, त्यांवर बाटल्यांच्या बुडांचे पांढरे गोल डाग, बर्नर पेटला की येणारी ती निळी फुरफुर. ब्युरेटच्या लांब काचनळीची तोटी अगदी हलक्या हाताने फिरवत एकेक थेंब सोडायचा, खालचा फ्लास्क हलवत राहायचं, आणि काहीही होत नाही, होत नाही असं वाटत असताना एका थेंबाने सगळं पाणी गुलाबी होऊन जायचं. त्या थेंबाआधी मी श्वास धरून ठेवायची. एक थेंब जास्त पडला की गुलाबीचा भडक राणी रंग व्हायचा आणि सगळं पहिल्यापासून. चांगल्या गोष्टीची मर्यादा इतक्या उघडपणे मला दुसऱ्या कुठल्याच विषयाने दाखवली नाही.

पुस्तकातली वर्णनं मात्र आमच्यासाठी लिहिलेली नव्हती. बेरियमच्या ज्योतीचा रंग 'ॲपल ग्रीन' म्हणे. आमच्या बाजारातलं सफरचंद जन्मजात लाल. 'कॅनरी यलो' म्हणे. कॅनरी नावाचा पक्षी असतो हे मला त्या अवक्षेपामुळे कळलं. 'ब्रिक रेड' तेवढा ओळखीचा, कारण विटांचे ढीग जागोजागी बांधकामांसमोर पडलेले. आणि सगळ्यांत पंचाईत होती ती वासांची. कुठल्याशा वायूला व्हिनेगरचा वास, कुठल्याला जळत्या गंधकाचा, आणि हायड्रोजन सल्फाइडला कुजक्या अंड्यांचा. आमच्या घरात चांगलं अंडंसुद्धा कधी उंबरठा ओलांडून आलं नव्हतं, तिथे कुजकं कुठून येणार?

देवधर मॅडम आम्हाला केमिस्ट्री शिकवायच्या. मूळच्या साताऱ्याकडच्या, लग्न होऊन इकडे कल्याणला आलेल्या. अंगाने लहानखुऱ्या, पण आवाज असा की मागच्या बाकावरची टेस्ट ट्यूब दचकावी. त्यांनी पहिल्याच तासाला वास घ्यायची रीत शिकवली. परीक्षानळीच्या तोंडाशी नाक न्यायचं नाही. नळी लांब धरायची आणि दुसऱ्या हाताची अर्धी ओंजळ करून तिच्या तोंडावरची हवा आपल्याकडे वारायची, आरती घेतात तशी.

"वास ओढायचा नसतो, बोलवायचा असतो," त्या म्हणायच्या. "पाहुणा कोण आहे ते कळल्याशिवाय एकदम घरात घ्यायचा नाही."

हे मला इतकं आवडलं की मी घरी आमटीचाही वास असाच घ्यायला लागले. आई म्हणाली, "शिकून शहाणी झालीस ती आमटी ओवाळायला?"

आमच्या गावाच्या हवेत काय काय होतं ते मला घरातल्या चांदीवरून कळायला हवं होतं. माझे पैंजण महिन्याभरात काळे पडायचे. पुण्याची मावशी तसलेच पैंजण वर्षभर वापरायची आणि चकचकीत ठेवायची. आई रांगोळीने घासायची, दमायची, मग आम्ही उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये एका सिंधी काकांच्या दुकानात पॉलिश करायला न्यायचो. काका पैंजण हातात घ्यायचे आणि हसायचे. "अंबरनाथ से आई हो ना, बेटी? फिर आओगी. हमारा तो अच्छा है." पुढे वर्गात मॅडमनी फळ्यावर चांदी आणि हायड्रोजन सल्फाइडचं समीकरण लिहिलं, काळा सिल्व्हर सल्फाइड तयार होतो म्हणाल्या, मी ते व्यवस्थित उतरवून घेतलं, समतोल केलं, आणि माझ्या पायांकडे एकदाही पाहिलं नाही. शिकणं आणि कळणं यांत असं अंतर असतं.

बाबा संध्याकाळी कारखान्यातून आले की आधी आंघोळ करायचे. साबण लावून, घासून घासून. मग इस्त्रीचा सदरा घालून पेपर घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी बसायचे. त्यांना जेवणात काहीही चालायचं. आईने काहीही केलं की "छान झालंय" म्हणायचे. शेजारच्या बायका त्यांचं उदाहरण आपापल्या नवऱ्यांना द्यायच्या. त्यांची मागणी एकच, ताटात पापड हवा. उल्हासनगरचा जाड, मिऱ्यांचा पापड, आणि तो चांगला कडकडीत भाजलेला. पापड मोडल्याचा आवाज झाला की त्यांचा चेहरा खुलायचा.

एकदा दूध शेगडीवर ठेवून आई खाली गेली. बाबा शेजारीच पेपर वाचत होते. ती आली तर दूध उतू जाऊन, आटून, पातेलं काळं पडलेलं आणि घरभर करपट वास.

"अहो, नाकाखाली जळतंय की! वास नाही आला?"

"बातमी मोठी होती," बाबा म्हणाले आणि पेपराची घडी घातली. आम्ही सगळे हसलो. मला वाटतं त्या दिवशी आई सगळ्यांत कमी हसली.

जानेवारीअखेर प्रिलिमची प्रॅक्टिकल्स झाली. मला एक पांढरट भुकटी मिळाली. त्यातले दोन भाग ओळखायचे, एक धातूचा आणि एक ॲसिडचा. नियम असा की आधी थोड्या भुकटीवर सौम्य ॲसिड घालायचं, वायू निघतो का बघायचं आणि त्याचा वास घ्यायचा. वास कुणाकडे बोट दाखवतो ते पाहून मग खात्रीची परीक्षा करायची. तिला मॅडम 'कन्फर्मेटरी टेस्ट' म्हणायच्या. मी ॲसिड घातलं. बुडबुडे आले. नळी लांब धरून, रीतसर ओंजळीने हवा बोलावली. काही नाही. पुन्हा बोलावली. नेहमीची हवा. मी लिहिलं, 'वायूला वास नाही'.

तेवढ्यात माझ्या शेजारच्या ओट्यावरची सुनंदा भोईर नाकाला ओढणी लावून खिडकीकडे पळाली. "काय गो, कवरा घान वास मारतंय तुझ्या नलीतून!"

मला वाटलं, हिचं नेहमीचंच. सुनंदा बारवी धरणाच्या वाटेवरच्या एका गावातली. कॉलेजसाठी बदलापूरला मामाकडे राहायची आणि अंबरनाथला आली की पहिला तास नाक मुरडण्यात घालवायची. मी पुढे गेले. वासाचा धागाच नसल्यामुळे भलत्याच परीक्षा करत बसले, आणि उत्तर लिहिलं नायट्रेट. सल्फाइडचं नायट्रेट! धातू तेवढा बरोबर आला.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मला आणि आमच्या वसाहतीतल्या आणखी दोघी-तिघींना लॅबमध्ये थांबवलं. आमच्या सगळ्यांच्या पेपरात एकच वाक्य होतं. 'वायूला वास नाही.' मॅडमनी तीच भुकटी घेतली, ॲसिड घातलं, स्वतः मान फिरवली आणि नळी आमच्यासमोर धरली.

"काय वास येतोय?"

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. मी म्हटलं, "मॅडम, नेहमीचाच."

"नेहमीचा म्हणजे?"

"म्हणजे... आपला. हवेचा."

मॅडमनी हायड्रोजन सल्फाइड ओळखणारी लेड ॲसिटेटची ओली पट्टी नळीवर धरली. पट्टी बघता बघता काळी झाली. "कागदाला कळलं," त्या म्हणाल्या, "आणि तुम्हाला नाही? अगं, नाकं आहेत का चमक्या अडकवायच्या खुंट्या?"

बोलल्या रागाने, पण तोंड उतरलं होतं त्यांचं. मग ओट्याला टेकून त्यांनी समजावलं. एकच वास दिवसरात्र नाकाशी राहिला की नाक त्याची दखल घेणं सोडून देतं. ते काही खोटं बोलत नाही, फक्त थकतं. "बाहेरच्या चांगल्या हवेत राहिलात तर परत येईल. पण परीक्षेआधी आला पाहिजे. बाहेरून परीक्षक येणार, ते देतील ते सॉल्ट ओळखायचं. वासाचं एकही चुकलं की पुढची सगळी गाडी चुकीच्या रुळावर. आणि तुला फार्मसीला जायचंय ना?"

मला फार्मसीलाच जायचं होतं. दुसरं काही सुचतच नव्हतं. पांढरा कोट, तागड्या, बाटल्या, प्रत्येक बाटलीवर नाव. केमिस्ट्रीचे मार्क गेले तर तो कोट गेला, एवढं मला स्वच्छ कळत होतं. बाकीच्या मुलींनी युक्ती काढली, की शंका आली की थेट कागदाची पट्टी लावायची, नाक गेलं उडत. मला ते पटेना. आपल्याला एक गोष्ट कळत नाही आणि ती कळत नाही हेही कालपर्यंत कळत नव्हतं, याची मला भीती वाटली होती. खरीखुरी भीती.

सुनंदाच म्हणाली, "आमच्याकडे चल. परीक्षेपर्यंत अभ्यासाची सुट्टीच हाय. माझ्या आयेला पन सोबत."

घरी आईने कपाळाला हात लावला. "लोक परीक्षेच्या तोंडावर पुस्तकात डोकं घालतात, ही गावाला चालली वास घ्यायला!"

बाबांनी पेपर खाली ठेवला. "जाऊ दे तिला," ते म्हणाले. इतक्या चटकन म्हणाले की आईने वळून पाहिलं. "रविवारी मी येतो आणायला."

बदलापूर स्टेशनबाहेरून एसटी सुटायची. सोनिवली म्हणजे तेव्हा खिडकीतून मागे जाणारी रिकामी भातखाचरं, भाताचे बुडखे उरलेली. आपण एक दिवस इथे तिसऱ्या मजल्यावर राहू, असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पुढे रस्ता रानात शिरला. आमच्या नळाला येणारं पाणी जिथून यायचं ते धरण झाडांमधून चकाकताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

सुनंदाच्या आईने मला अंगणात बसवलं, पाणी दिलं आणि माझं नाक निरखून पाहिलं. "बस गो बाय. काय झालंय याला? दिसाया तं बेस दिसतंय." मी ओशाळून हसले. "येल परत," ती म्हणाली, "वास कुठं पलून जातंय? आपुन जरा बसावं, तो येतंय."

म्हणजे मॅडमचंच म्हणणं, फक्त केमिस्ट्रीशिवाय.

पहिल्या दिवशी काहीच आलं नाही. शेतात त्यांचं राब भाजायचं काम चाललं होतं. पावसाळ्यात भाताची रोपं जिथे करायची त्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा, वाळक्या फांद्या पसरून मंद मंद जाळायचं. निळा धूर जमिनीला लागून सरकत होता. सुनंदा छाती भरून श्वास घेत म्हणाली, "हा वास मला लय आवरतो." मी डोळे मिटून बसले. डोळ्यांना झोंबलं, नाकापर्यंत काही पोचलं नाही. मी अवक्षेपांचे रंग पाठ करत बसायची, मधूनच ओंजळीने हवा वारून पाहायची, आणि सुनंदाची धाकटी भावंडं माझी नक्कल करत अंगणभर पळायची.

एका सकाळी सुनंदाची आई चुलीवर तांदळाची भाकरी भाजत होती. मी विहिरीवरून तोंड धुऊन आले, आणि दारातच थबकले. भाकरीचा वास आला. म्हणजे नुसती भाकरी नाही. तांदळाच्या उकडीचा वेगळा, तव्याचा वेगळा, लाकडाचा वेगळा. मागून ओल्या दोरीचा. गोठ्याचा. मला रडू येईल असं वाटलं. इतकं सगळं रोज असतं?

मी धावत आत गेले. आंघोळीनंतर घालायला घरून आणलेला धुतलेला पंजाबी ड्रेस काढायला वाकले. पिशवी उघडली, आणि तो आला. जाड, गोडसर, सडका. मी पिशवीत हात घालून शोधायला लागले की काय नासलंय. डबा नव्हता, फळ नव्हतं. नुसते कपडे होते. आईने धुऊन, गॅलरीत वाळवून, हाताने घड्या घातलेले.

"सुनंदा, हा कसला वास?"

सुनंदा दारात उभी होती. तिने खाली पाहिलं. "ह्योच तो. तुझ्या नलीतला."

"माझ्या कपड्यांना?"

"पयल्या दिसापासून येतंय," ती हळूच म्हणाली. "अकरावीपासून. कसं सांगायचं तुला?"

दीड वर्ष ही मुलगी माझ्या शेजारच्या बाकावर बसली होती. डबा खाल्ला होता माझ्याबरोबर. मी तिला नाक मुरडण्यावरून चिडवत होते. मला फार लाज वाटली. लाजेच्या आत कुठेतरी कणवही होती, पण ती कुणाची, माझी की आईच्या त्या घड्यांची, ते सांगता आलं नसतं. सुनंदाने पिशवी उचलली, सगळे कपडे विहिरीवर नेले आणि आम्ही दोघींनी ते पुन्हा धुतले.

रविवारी दुपारी बाबा आले. एसटीतून उतरून पायवाटेने येताना मी त्यांना लांबून पाहिलं. इस्त्रीचा निळा सदरा, हातात पापडांचा पुडा, यजमानांसाठी. मी पळत गेले. जवळ पोचण्याआधीच तो वास मला भेटला. बाबांचा. इतकी वर्षं साबणाने घासून घासून आंघोळ करणाऱ्या माझ्या बाबांचा. मी थांबले नाही. त्यांच्या हातातला पुडा घेतला आणि त्यांच्याशेजारून चालत राहिले.

जेवणं झाल्यावर आम्ही दोघं घरामागच्या आंब्याखाली बसलो. झाड मोहोराने पिवळट झालेलं. वास तर असा, की डोक्यावर कुणी पांघरूण घातलंय. मधमाश्यांचा एकसारखा गुंजारव. मी म्हटलं, "बाबा, काय वास आहे ना!"

बाबांनी आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग वर झाडाकडे. मग म्हणाले, "छान आहे."

तेच 'छान'. आमटीला म्हणायचे ते. करपलेल्या दुधाच्या दिवशी जे मला दिसलं नव्हतं, ते तिथे दिसलं. ते माझ्या चेहऱ्यावरून उत्तर लिहीत होते.

राबाचा थोडा धूर आणला वाऱ्याने. बाबा बराच वेळ झाडाकडे पाहत राहिले. मग आपणच म्हणाले, "तुझं आलं ना परत? नक्की?"

"आलं."

"मग घरी नको येऊस आता. परीक्षा होईपर्यंत इथेच राहा. सकाळच्या एसटीने थेट कॉलेजात जा." त्यांनी एक गळलेली मोहोराची काडी उचलली. "घरी आलीस की हळूहळू पुन्हा जाईल. कळतसुद्धा नाही. माझं असंच गेलं."

"कधी?"

"तेच तर कळलं नाही."

"पण इथे राहिल्यावर तुमचंही—"

"तुझं थकलं होतं गं. माझं उठून गेलं. डॉक्टर म्हणाले, आता नाही." त्यांनी काडी माझ्या हातात दिली. "आईला बोलू नकोस. तिला स्वयंपाक करायला हुरूप राहणार नाही."

मला घेऊन जायला आलेले बाबा संध्याकाळच्या एसटीने एकटेच परत गेले. मी रस्त्यापर्यंत सोडायला गेले. एसटी वळणाआड गेली, धूळ बसली. त्यांचा वास तिथे थोडा वेळ होता, मग रानाने तो पुसला. मी रडत रडत परत आले. सुनंदाच्या आईने मला तांदूळ निवडायला बसवलं.

परीक्षेच्या सकाळी गंमत अशी झाली की सुनंदालाच सडकून सर्दी. ती एसटीभर शिंकत होती आणि म्हणत होती, "तुला नाक देता देता माझं गेलं!" मला लॅबमध्ये थोडी पांढरी भुकटी मिळाली. बाहेरगावचे परीक्षक नाकाला रुमाल लावून फिरत होते. त्यांना लॅबचा नाही, गावाचा वास येत होता. मी ॲसिड घातलं. बुडबुडे आले. नळी लांब धरली, ओंजळ केली, आणि बोलावलं.

आला. पायवाटेने निळ्या सदऱ्यात आला.

मी नळी स्टँडला लावली, डोळे पुसले आणि लिहिलं, 'कुजक्या अंड्यांसारखा वास'. खरं तर मला दुसरंच काही लिहायचं होतं, पण त्याला मार्क नव्हते. मग पट्टी धरली. काळी झाली.

तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं, "फारच लवकर ओळखलंस. इतकी खात्री कशी?"

"सर, घरचा वास आहे," मी म्हटलं. सरांना हसावं की नाही कळेना. देवधर मॅडम मागे उभ्या होत्या, त्या खिडकीबाहेर पाहायला लागल्या.

सुनंदा इतर परीक्षा करून पास झाली. मला फार्मसी मिळाली. पांढरा कोट, तागड्या, बाटल्या, सगळं मिळालं. बाबांनी सांगितल्याप्रमाणे आईला मी काही बोलले नाही. पुष्कळ वर्षांनी, ती आजारी असताना, एकदा आपणच म्हणाली, "करपलेलं दूध पोटात गेलं तरी छान म्हणणारा माणूस एक तर संत असतो, नाहीतर... आणि तुझे बाबा काही संत नव्हेत." म्हणून ती रोज पापड भाजत होती. निदान आवाज तरी लागावा. दोघांनी एकमेकांपासून तीच गोष्ट जन्मभर सांभाळून ठेवली.

आता आई नाही. बाबा माझ्याकडे असतात. ऐंशी ओलांडली तरी पापड मोडताना चेहरा तसाच खुलतो. दर फेब्रुवारीत गॅलरीत बसून ते मला हाक मारतात. पहिल्या वर्षी त्यांनी विचारलं होतं, "आला का मोहोर? कसा वास येतोय, सांग बघू." मी तोंड उघडलं आणि लक्षात आलं, मला शब्दच नाहीत. केमिस्ट्रीने मला घाणेरड्या वासांची नावं अगदी चोख शिकवली. चांगल्या वासापुढे पुस्तकात नुसतं 'प्लेझंट' लिहिलेलं असायचं. मी म्हटलं, "गोड... थोडा उग्र... नाही सांगता येत, बाबा."

"असू दे," ते म्हणाले. "मला आठवतो तसा. लहानपणी गावी घेतलेला. पण आठवतो तो खरा की मनाचा, ते एकट्याला कसं कळणार?"

"म्हणजे कन्फर्मेटरी टेस्ट," मी म्हटलं. त्यांना हे फार आवडलं.

आज सकाळीही त्यांनी हाक मारली. खाली ईशाचं चाललं होतं, कॅल्शियम ब्रिक रेड, बेरियम ॲपल ग्रीन. मी मेथीचे हात पुसत गॅलरीत गेले. काल फांद्या नुसत्याच तांबूस होत्या. मी कठड्याशी उभी राहिले, ओंजळ केली आणि झाडांवरची हवा हळूहळू आमच्याकडे वारली. शेजारी बाबांनीही आपला हात उचलला आणि तसाच वारला. मी श्वास घेतला. ते झाडाकडे पाहत नव्हते. माझ्या तोंडाकडे पाहत होते, आम्ही लॅबमधल्या त्या ओल्या पट्टीकडे पाहायचो तसे. मी अजून काही बोललेच नव्हते.

"आला," बाबा म्हणाले.